गिटार सुरात राहत नाही? खुंट्या बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

नाशिकच्या इंदिरानगरला माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारीबरोबर एक वाक्य हमखास येतं : "दादा, खुंट्या गेल्यात, बदलून द्या." बहुतेक वेळा खुंट्या धडधाकट निघतात. तारा गंजलेल्या असतात, नाहीतर वेड्यावाकड्या गुंडाळलेल्या असतात, नाहीतर नटमध्ये (नेकच्या, म्हणजे मानेच्या, टोकाला तारांच्या खाचा असलेली पट्टी) अडकत असतात. पण फिरताना डोळ्यांना दिसते ती खुंटी, म्हणून संशयही तिच्यावरच. दुसरी मंडळी याहून धाडसी : एखादा व्हिडिओ बघायचा आणि थेट ट्रस रॉडला (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) अ‍ॅलन की लावायची.

दोघांची चूक एकच आहे, क्रमाची. जे फुकट आहे आणि परत पहिल्यासारखं करता येतं ते आधी तपासायचं. जिथे घासायचं, कापायचं, पिळायचं आहे ते सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, मधला टप्पा गाळू नका. लिहिलंय ते मुख्यतः स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारीसाठी. इलेक्ट्रिकचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

तयारी

हे आधी जवळ घेऊन बसा :

- क्लिपचा ट्यूनर. मोबाइलचं अ‍ॅप चालेल, पण पंखा बंद आणि खोली शांत हवी.
- तारांचा नवा सेट, सध्या आहे त्याच जाडीचा.
- २बी पेन्सिल, दोन-चार टूथपिक, मऊ सुती फडकं.
- छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि १० नंबरचा पाना.
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी.
- जमल्यास फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या).
- वही.

फीलर गेजसाठी दुकान शोधू नका. नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला असलेला एखादा काका, मामा किंवा शेजारी प्रत्येकाला असतोच, त्याच्याकडे मागा. नाहीतर कोपऱ्यावरच्या बाइक मेकॅनिककडे टॅपेट सेट करायचा गेज असतो. तोही नसेल तर प्रिंटरचा साधा ए-४ कागद घ्या. त्याची जाडी साधारण ०.१ मिमी असते. दोन कागद म्हणजे ०.२. घरच्या कामाला एवढं पुरतं.

वही चेष्टेत घालवू नका. निम्मं निदान वहीत होतं.

१. तक्रार नेमकी कोणती ते ठरवा

"ट्यून राहत नाही" या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपलेले असतात.

पहिला : लावलेली तार थोड्या वेळाने उतरते किंवा चढते. इथे संशय तारा, गुंडाळणी, नट आणि खुंटीवर, याच क्रमाने.

दुसरा : सुट्या तारा ट्यूनरवर बरोबर, पण कॉर्ड धरली की बेसूर. इथे खुंटीचा काही संबंध नाही. नटची उंची, अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची), इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं), कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) किंवा तुमचा डावा हात, यांपैकी काहीतरी आहे.

तिसरा : एकट्याने वाजवताना छान, पण पेटीबरोबर बसलं की जमत नाही. यात बहुतेकदा गिटारीचा दोषच नसतो. जुन्या पेट्या अचूक ४४० हर्ट्झवर असतीलच असं नाही. पेटीचे सूर बैठकीत बसून फिरवता येत नाहीत, गिटारीचे येतात, तेव्हा जुळवून गिटारीनेच घ्यायचं. पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा (तो ए), ट्यूनर समोर धरा आणि काटा मधोमध येईपर्यंत ट्यूनरचं ४४० हे मूल्य ४४१, ४४२ असं सरकवा. मग त्या मूल्यावर सहाही तारा लावा. कार्यक्रम संपला की परत ४४०. हे विसरलात की पुढच्या आठवड्यात "गिटार बिघडली" म्हणून फोन येतो.

आता ही चाचणी करा. सहाही तारा लावा आणि गिटार पंधरा मिनिटं न वाजवता ठेवा. कोणती तार किती सरकली, वर की खाली, ते वहीत लिहा. परत लावा, पंधरा मिनिटं नेहमीसारखं वाजवा, परत लिहा.

पडताळा : सहाही तारा एकाच दिशेला सरकल्या तर कारण सगळ्यांना सामाईक आहे : हवा, नेक, नाहीतर नव्या तारा. एकच तार सरकत असेल तर त्या एकाच तारेची वाट तपासायची, ब्रिजवरच्या पिनपासून (तार बॉडीला जिथे धरलेली असते) खुंटीपर्यंत. न वाजवता सरकली तर ताण किंवा हवामान. वाजवल्यावरच सरकली तर आधी नट.

२. लावण्याची पद्धत सुधारा

याला अपमान समजू नका. वर्षानुवर्षं वाजवणारेही इथे चुकतात.

ट्यूनर सुरू केल्यावर आधी त्याच्यावरचा आकडा बघा. बॅगेत बटण दाबलं जातं आणि ४४० चं ४३७ होतं. मग वाद्य स्वतःशी सुरात असतं, जगाशी नसतं. मोड क्रोमॅटिक (बाराही सूर दाखवणारा) ठेवा.

तार नेहमी खालून वर आणून थांबवा. सूर चढला असेल तर आहे तिथून हलकेच उतरवून थांबू नका. पार खाली न्या आणि परत वर या. कारण खुंटीच्या दातेरी चाकात थोडी ढील असते. उतरवून थांबलात की ती ढील तारेच्या बाजूला मोकळी राहते आणि पहिल्या दोन स्ट्रमिंगमध्ये तार ती खाऊन टाकते. सतारवाल्यांची लाकडी खुंटी घर्षणावर धरते, तिचा न्याय इथे लागत नाही.

तार अंगठ्याने मऊ छेडा आणि क्षणभर थांबा. जोरात मारलेली तार सुरुवातीला चढी बोलते. काटा स्थिरावल्यावरचा सूर खरा.

सहावीपासून पहिलीपर्यंत एक फेरी झाली की दुसरी फेरी करा. एक तार चढवली की नेक आणि बॉडीची वरची फळी किंचित झुकते आणि बाकीच्या पाच उतरतात. इलेक्ट्रिकवर तरंगता ट्रेमोलो ब्रिज (स्प्रिंगवर तोललेला, दांड्याने हलणारा) असेल तर हा परिणाम कितीतरी मोठा, तिथे चार-पाच फेऱ्या लागतात.

सावधान : पाचव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) सातव्याशी जुळवत एका तारेवरून दुसरीवर जाण्याची सवय असेल तर ती सोडा. सातव्या फ्रेटचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो, फ्रेटवरचा पंचम त्यापेक्षा दोन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) कमी असतो. एका जोडीत हे कानाला कळत नाही, पण प्रत्येक जोडीत चूक साचत जाते.

३. तारा

फडकं तारेखाली घालून ओढा. काळा डाग आला, किंवा तारेच्या पोटाला बोट लावल्यावर फ्रेटच्या जागी खाच लागली, तर पुढचं काहीही तपासू नका. सेट बदला. घाम आणि गंजाने तारेचं वजन लांबीभर सारखं राहत नाही आणि अशी तार सुटी एक सूर सांगते, बाराव्या फ्रेटवर दुसरा. तिच्यावर इंटोनेशन लावायला बसणं म्हणजे वाकडी फूटपट्टी घेऊन कपाट बनवणं.

नव्या तारांची तक्रार उलटी. त्या ताणल्या जाईपर्यंत उतरतच राहतात. सूर लावा, बाराव्या फ्रेटजवळ तार बोटाने फ्रेटबोर्डापासून दोन सेंटिमीटरभर अलगद उचला, दोन-तीनदा करा, परत लावा. तीन ते पाच वेळा केल्यावर उचलूनही सूर हलला नाही की तार बसली. पहिल्या तारेशी दांडगाई करू नका, तुटून डोळ्यावर येते. नायलॉनच्या तारांना स्थिरावायला काही दिवस लागतात, तिथे धीर धरण्यावाचून इलाज नाही.

४. गुंडाळणी आणि पिन

नवीन सेट घालूनही उतरत असेल तर हेडस्टॉक (खुंट्या बसवलेला वरचा भाग) उजेडात धरा आणि खुंटीच्या खांबावरचे, म्हणजे तार ज्याभोवती गुंडाळते त्यावरचे, वेढे बघा.

जाड तारांना दोन ते तीन वेढे, पातळ तारांना तीन ते चार. सगळे वेढे एकाखाली एक, एकमेकांवर न चढता. एकावर एक चढलेले वेढे दर वेळी थोडे दबतात आणि तेवढी तार सुटते. सात-आठ वेढे असतील तर सुटायला तेवढी जास्त तार. एकच वेढा असेल तर पातळ तार सरळ घसरते.

माप असं घ्या : तार खांबाच्या भोकातून ताणून ओढा, पुढच्या खांबाच्या दीडपट अंतरावर खूण करा. खुणेवर तार आधी काटकोनात वाकवा, मग कापा. न वाकवता कापलेल्या जाड तारेचं वरचं वेष्टण आतल्या गाभ्यावर सैल होऊ शकतं, आणि मग ती तार कधीच नीट बोलत नाही.

दुसऱ्या टोकाला पिन. पिनचा खाचा तारेच्या बाजूला हवा. तारेच्या टोकाचा गोळा पिनच्या टोकाखाली नाही, आतल्या लाकडी पट्टीला टेकून बसायला हवा. पिन अंगठ्याने दाबून धरा आणि तार वर ओढा, 'टक्' असं जाणवलं की बसला.

पडताळा : तार चढवताना पिनकडे बघत राहा. पिन मिलिमीटरभरही वर आली तर गोळा बसलेला नाही. हातोडीने ठोकू नका. तार सैल करा, गोळ्याजवळ तार किंचित वाकवा, परत घाला.

५. नट, खरा गुन्हेगार

इथे जरा थांबतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या "खुंट्या गेल्या"पैकी बहुतेक गिटारी इथेच सापडतात.

मागच्या थंडीत मखमलाबादहून एक कॉलेजचा मुलगा आला. तीन महिन्यांत दोनदा खुंट्या बदलून झाल्या होत्या, दुसऱ्यांदा तर महागाच्या. तिसरी तार उतरतच होती. मी गिटार मांडीवर घेतली आणि तिसरी तार हळूहळू चढवायला लागलो. काटा हलेना. खुंटी पाव फेरा फिरली, काटा जागचा हलत नाही. अजून थोडी फिरवली आणि नटमधून बारीकसा 'टिंग' आवाज आला, काटा एकदम उडी मारून पलीकडे. विचारलं, "तारा कितीच्या घातल्या?" म्हणाला, "सर, आवाज मोठा यावा म्हणून बाराचा सेट घातला. आधी दहाचा होता." (सेटचा आकडा म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत.) दहाच्या सेटसाठी कापलेल्या खाचेत बाराची तार पाचरीसारखी रुतली होती. खुंटी ओढत होती, नट सोडत नव्हता. वाजवताना धक्के बसले की ती मनाला येईल तेव्हा सरकायची.

निदान तीन प्रकारे होतं.

एक, तो 'टिंग' आवाज. ऐकू आला की दुसरा पुरावा लागत नाही.

दोन, बेंडची चाचणी. तार लावा, सातव्या-आठव्या फ्रेटवर धरून जोरात बेंड करा (बाजूला ओढा), सोडा, सुटी वाजवा. उतरली? आता नट आणि खुंटीच्या मधल्या भागावर बोटाने दाबा, सोडा, परत वाजवा. दाबल्यावर सूर वर आला तर तार नटमध्ये अडकतेय हे नक्की : बेंड करताना वाजत्या बाजूला ओढली गेलेली तार परत गेलीच नव्हती, तुम्ही दाबून तिला मागे खेचलीत. दाबूनही उतरलेलीच राहिली तर वेढे घसरतायत, चौथ्या टप्प्यावर परत जा.

तीन, ट्रेमोलोवाल्यांसाठी. दांडा खाली दाबून सोडल्यावर सूर चढा राहिला तर तोच आजार, उलट दिशेने.

इलाज फुकट आहे. तार सैल करून खाचेतून बाजूला घ्या. २बी पेन्सिलीचं शिसं कागदावर खरवडून भुकटी करा, टूथपिकच्या टोकाने खाचेत भरा, तार परत बसवा. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, ग्रीस यातलं काहीही नको. ते धूळ धरतं आणि लाकडात मुरतं.

भुकटीने सुटलं नाही तर खाच अरुंद आहे. मग दोन रस्ते : आधीच्या जाडीचा सेट परत घाला, किंवा खाच रुंद करून घ्या. त्या मुलाची खाच मी रुंद केली, दहा मिनिटांचं काम. महागाच्या खुंट्या आहेत तशाच आहेत, छान फिरतात.

आता नटची उंची. ही दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीसाठी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते बघा. तिथे केसभर फट हवी, एक ए-४ कागद जेमतेम सरकेल एवढी. तीन-चार कागद सहज जात असतील तर नट उंच आहे. अशा गिटारीवर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचा सूर दाबतानाच ताणला जातो आणि चढतो. ट्यूनरने खात्री करा : सुटी तार बरोबर, बाराव्या फ्रेटवर जवळपास बरोबर, पण पहिल्या फ्रेटवर दहा सेंटहून जास्त चढी. असा नमुना दिसला की नटच.

सावधान : खाच खोल करणं एकेरी रस्ता आहे. एक ओढा जास्त झाला की सुटी तार पहिल्या फ्रेटवर घासून खरखरते. वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरबरीत तारांनी हे काम करणारे आहेत, मीही सुरुवात तशीच केली, पण भंगारातल्या गिटारीवर. स्वतःच्या एकुलत्या गिटारीवर पहिला प्रयोग नको. खाचेचा उतार हेडस्टॉककडे हवा आणि तारेचा शेवटचा टेकू फ्रेटबोर्डाच्या कडेला, हे जमलं नाही तर तार सतारीसारखी झणझणते.

६. आता खुंट्या

इथवर आलात आणि तक्रार तशीच असेल तर खुंटीकडे वळा.

बटण बोटांत धरून पुढेमागे हलवा. हलतंय? बटणाच्या टोकाचा छोटा स्क्रू थोडा आवळा, पण इतका नाही की फिरवायला जड जावं. हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूला खांबाभोवती षटकोनी नट (बोल्टवरचा असतो तसा, तारांचा नट नव्हे) असेल तर तो १० नंबरच्या पान्याने हाताच्या जोरानेच आवळा. मागचे लाकडात गेलेले स्क्रू सैल असतील तर तेही. बऱ्याच गिटारींचा आजार इथे फुकटात संपतो.

खुंटी खरंच गेली म्हणजे काय, तर बटण फिरतं पण खांब काही काळ फिरत नाही, किंवा चाकाचा दात तुटून ठरावीक जागी सटकतं. अशी एक-दोन असली तरी बदलताना पूर्ण संच घ्या. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजून, जुनी खुंटी हातात घेऊन दुकानात जा. फोटोवरून मागवलेली खुंटी भोकांशी जुळली नाही की नवी भोकं पाडावी लागतात.

७. हात आणि कॅपो

लहान टप्पा, पण लाजेपोटी गाळला जातो. ट्यूनर लावून एखादी तार दुसऱ्या फ्रेटवर आधी नेहमीसारखी दाबा, मग फक्त आवाज स्वच्छ येईल एवढीच. काट्यातला फरक बघा. नवशिके दहा-पंधरा सेंट नुसत्या जोराने चढवतात. सी कॉर्डसाठी बोटं ताणताना तार बाजूला ओढली जाते, तिनेही सूर चढतो.

कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, सरळ, आणि लावल्यावर ट्यूनिंग परत तपासायचं. ताठ स्प्रिंगचा कॅपो सगळ्याच तारा थोड्या चढवतो. काढल्यावर परत तपासा.

८. अ‍ॅक्शन आणि नेक

गिटार सुरात लावलेली असताना बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. अकूस्टिकवर सहावीला साधारण अडीच मिमी आणि पहिलीला पावणेदोन-दोन मिमीच्या आसपास असेल तर ठीक. स्वस्त गिटारी साडेतीन-चारवर येतात. तार जितकी उंच तितकी ती दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो.

मग नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, बॉडीला नेक मिळते त्या फ्रेटवर सहावी तार दाबा, सातव्या फ्रेटजवळची फट मोजा. ०.१५ ते ०.२५ मिमी, म्हणजे ए-४ कागदाच्या भाषेत दोन कागद.

फट जास्त असेल तरच ट्रस रॉड. घड्याळाच्या दिशेने आवळल्यावर नेक सरळ होते, उलट फिरवल्यावर बाक वाढतो. एका वेळी फक्त पाव फेरा. परत सुरात लावा, परत मोजा, शक्य तर एक रात्र जाऊ द्या. चावी नेमक्या मापाची आणि पूर्ण आत बसलेली हवी. जड गेली, करकरली, तर थांबा.

माझ्या पहिल्या गिटारीला मीच हे भोगलंय. ऑगस्टमध्ये अ‍ॅक्शन वाढली म्हणून मी ट्रस रॉड एका दमात अर्धा फेरा आवळला. वाढली होती ती पावसाळ्याने वरची फळी फुगल्यामुळे, नेकचा काही दोष नव्हता. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, फळी खाली बसली आणि पहिल्या चार फ्रेटवर नुसती खरखर. ट्रस रॉड अ‍ॅक्शन कमी करण्यासाठी नसतो, हे मला ते ऐकल्यावर कळलं.

बाक बरोबर आणि तरी अ‍ॅक्शन उंच असेल तर काम सॅडलचं (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी). सॅडल बाहेर काढून बुडाकडून सपाट पॉलिश पेपरवर घासायचा, वरून कधीच नाही. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी हवा असेल तर सॅडल एक मिमी घासावा लागतो. थोडं घासा, घाला, मोजा.

९. इंटोनेशन, सगळ्यात शेवटी

नव्या तारा, बरोबर बाक, बरोबर अ‍ॅक्शन. या तिन्हीआधी इंटोनेशन लावलं तर ते परत लावावंच लागतं.

बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, काटा मधोमध आणा. मग तिथेच तार हलक्या हाताने दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर तारेची लांबी कमी पडतेय : सॅडल नेकपासून दूर सरकवा. उतरा असेल तर नेककडे. इलेक्ट्रिकवर प्रत्येक तारेला स्वतंत्र स्क्रू असतो. प्रत्येक वेळी सॅडल सरकवल्यावर सुटी तार परत लावायची आणि मगच तुलना करायची. बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात आणि तासभर स्क्रू फिरवत बसतात.

अकूस्टिकवर सरकवायला काही नाही. पाचेक सेंटचा फरक सोडून द्या. दहाच्या वर, आणि तोही दोन-तीन तारांवर असेल, तर भरपाईचा (प्रत्येक तारेला वेगळी लांबी देणारा) सॅडल कारागिराकडून बनवून घ्यावा लागेल.

१०. सगळं बरोबर, तरी ई कॉर्ड बोचते

ही तक्रार मला मुख्यतः गाणं शिकलेल्या घरांतून ऐकू येते, आणि ती खरी असते. तानपुऱ्यात ऐकू येणारा गंधार शुद्ध असतो, गिटारीचा गंधार समान अंतराच्या फ्रेटवरचा, जवळपास १४ सेंट चढा. ई मेजरमध्ये तो तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर बसतो आणि तयार कानाला टोचतो. मग लोक तिसरी तार जराशी उतरवतात. ई गोड लागते आणि जी कॉर्डमध्ये तीच सुटी तार कणसूर होते, कारण तिथे ती षड्ज असते. मग परत चढवतात.

गिटार बिघडलेली नाही. एकच कॉर्ड कानाने लावून थांबू नका. ट्यूनरवर लावा आणि ई, जी, सी, डी चारही वाजवून बघा.

नाशिकची हवा

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर त्याहून. सकाळी सातला पाठीवर गिटार टांगून बाइकवरून गंगापूर रोडला क्लासला गेलात की थंडीने स्टीलच्या तारा आकसून चढलेल्या असतात. पोहोचल्या पोहोचल्या लावलीत की दहा मिनिटांत खोलीच्या आणि हाताच्या उबेने सगळ्या उतरतात. बॅगेतून काढून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग लावा.

लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेमध्ये हवा त्याच्या खूप खाली असते : फळी खाली बसते, फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती डबी केसमध्ये ठेवा. स्पंज टपकता कामा नये. पावसाळ्यात उलट : केस बंद, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाही. घाट उतरून मुंबईला कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी तिथली दमट हवा धरून तासभर आधी केस उघडावी.

उन्हात उभ्या कारच्या डिकीत गिटार कधीही नको. डिंक मऊ होतो आणि ब्रिज उचलला जातो.

ब्रिज उचलला आहे का हे बघायला त्याच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा सरकवून बघा. आत गेला तर सहाही तारा लगेच सैल करा आणि गिटार कारागिराकडे न्या, वही सोबत. त्या फटीत घरी फेव्हिक्विक ओतू नका : ते तारांच्या ताणाला टिकत नाही, आणि नंतर ब्रिज नीट बसवणाऱ्याला आधी ते खरवडून काढावं लागतं.